लीड्स परत वर आलं, आता टिकायचं कसं? खडूस खेळून की देखणं खेळून?

पांढरा_मोर
१४ जून २०२५, रात्री ११:५२

मंडळी, जुना धागा फार लांबला म्हणून नवीन काढतोय. तिथले शेवटचे पन्नास प्रतिसाद निव्वळ हाबिणंदन आणि पेढे कुठायत असे आहेत. पेढे कासारवडवलीला येऊन घ्या, कुरियर करणार नाही.

तर मे महिन्यात प्लिमथला शेवटच्या क्षणी सोलोमनने गोल मारला आणि चॅम्पियनशिपचा, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या दुसऱ्या वर्गाचा, कप आपल्या लीड्सकडे आला, प्रीमियर लीगचं तिकीट मिळालं तेव्हा मी हॉलमध्ये एवढा नाचलो की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी इंटरकॉमवर विचारलं, काय झालं, पाहुणे आलेत का. ते सगळं छान. पण आता महिना झाला, नशा उतरली आणि मला रोज रात्री एकच आकडा दिसतो, सहा पैकी सहा. २०२३ ला वर आले ल्यूटन, बर्नली, शेफील्ड युनायटेड, तिघे पुढच्या मे मध्ये खाली. २०२४ ला लेस्टर, इप्सविच, साउदॅम्प्टन, तिघेही खाली. साउदॅम्प्टनने तर आपल्याला वेम्बलीला प्लेऑफ फायनलमध्ये (वर जायच्या तिसऱ्या जागेसाठीची मॅच) हरवून तिकीट कापलं होतं आणि गेले ते १२ गुण घेऊन, सात मॅच बाकी असतानाच. त्या रात्री मी रडलो होतो, आता वाटतं बरं झालं हरलो.

यंदा आपण, बर्नली आणि सदरलँड. गंमत बघा, आपण आणि बर्नली दोघांचे ४६ मॅचमध्ये १००-१०० गुण. आपण ९५ गोल मारले, ३० खाल्ले. बर्नलीने ६९ मारले आणि खाल्ले फक्त १६. सोळा! ३० मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही. गुण सेम, रस्ते उलटे. मग वरच्या वर्गात कोणाचा रस्ता चालेल? आपला कोच फार्केने पासिंगचा खेळ तसाच ठेवावा की गपगुमान मागे बसावं?

मला स्वतःला ठरवता येत नाहीये म्हणून विचारतोय.

खडूस_ओपनर
१५ जून, सकाळी ७:१०

सुंदरलँड लिही रे बाबा, सदरलँड काय.

उत्तर सोपं आहे. मागे बसा. आमच्या शिवाजी पार्कातल्या कोचच्या भाषेत, विकेट द्यायची नाही, बाकी धावा येतात. मुंबईने एवढ्या रणजी उगाच नाही जिंकल्या, समोरचा कंटाळून चूक करेपर्यंत उभं राहायचं. लोक बोर झाले तरी चालेल, स्कोअरबोर्ड बोर होत नाही.

पांढरा_मोर
१५ जून, सकाळी ७:२५

ऑटोकरेक्ट हो. सुंदरलँड. आणि तुम्ही आता ठाण्यात राहता, शिवाजी पार्क सोडा :)

उपवनचा_उपाशी
१५ जून, सकाळी ९:४०

खडूसराव, क्रिकेटची उपमा इथे लागू होत नाही. क्रिकेटमध्ये ड्रॉ म्हणजे अर्धं यश, इथे ड्रॉ म्हणजे एक गुण आणि जिंकलं तर तीन. इंग्लंडमध्ये १९८१ पासून जिंकण्याला तीन गुण दिले तेच मुळी लोकांनी असं चिवटपणे बसू नये म्हणून. ३८ मॅच सगळ्या ड्रॉ केल्या तर ३८ गुण. १३ जिंकल्या आणि २५ हरल्या तरी ३९. म्हणजे दर तीन मॅचला एक जिंका आणि दोन हरा, हे सगळ्या ड्रॉ करण्यापेक्षा बरं. मग आक्रमक खेळा ना.

खडूस_ओपनर
१५ जून, सकाळी १०:०२

गणित बरोबर पण १३ जिंकणार कशा? वर आलेली टीम १३ जिंकते तेव्हा ती वर आलेली टीम राहत नाही, ती चांगली टीम असते.

टॉफी_वाशी
१५ जून, दुपारी १२:३०

एव्हर्टनवाला बोलतोय, गेल्या चार वर्षांत या विषयात माझी पीएचडी झालीये त्यामुळे शांतपणे ऐका.

२०२२-२३ चा सीझन काढा. आम्ही अख्ख्या वर्षात गोल मारले ३४. लेस्टरने ५१ मारले, लीड्सने ४८. खाली कोण गेलं? लेस्टर आणि लीड्स. आम्ही ३६ गुणांवर टिकलो कारण खाल्ले ५७, तुम्ही खाल्ले ७८ आणि लेस्टरने ६८. शेवटच्या दिवशी डूकुरेचा एक गोल, बॉर्नमथविरुद्ध १-०, बास. त्या दिवशी मी वाशीला मित्राच्या घरी होतो, त्याच्या मुलीचा वाढदिवस होता, केक कापायला सगळे थांबलेत आणि मी बेडरूममध्ये मोबाईल घेऊन जमिनीवर बसलोय. शेवटची दहा-बारा मिनिटं तर मी स्क्रीन उलटी ठेवली होती, नुसता आवाज ऐकत होतो. त्या मॅचमध्ये सुंदर असं काहीही नव्हतं. मला आयुष्यात एवढं सुंदर काही दिसलेलं नाही.

सो आमच्या तेव्हाच्या कोचचा, डाइशचा खेळ कुरूप म्हणणाऱ्यांना माझं एकच म्हणणं आहे, खाली जाऊन दाखवा मग बोलू.

उपवनचा_उपाशी
१५ जून, दुपारी १:१५

आणि त्याच डाइशची बर्नली? २०२१-२२ काढा ना, सोयीचा तोच सीझन का काढताय. बर्नलीने ५३ गोल खाल्ले, लीड्सने ७९ खाल्ले. छब्बीस गोल जास्त! आणि खाली गेली बर्नली. लीड्स ३८ गुण, बर्नली ३५. का? कारण बर्नलीने मारलेच ३४. मिडल्सब्रो २०१६-१७, तेही ५३ च खाल्ले, मारले २७, गेले खाली २८ गुणांवर. नुसती भिंत बांधून घर होत नाही, दार पण लागतं.

टॉफी_वाशी
१५ जून, दुपारी १:२१

डाइशला एप्रिलमध्ये काढलं होतं, तो असता तर टिकले असते. आणि सव्वीस लिही, हिंदी नको.

उपवनचा_उपाशी
१५ जून, दुपारी १:२२

सव्वीस. झालं समाधान?

घोडबंदरचा_गोली
१५ जून, दुपारी ३:४८

मी बरेच दिवस रोमात (नुसता वाचत) होतो पण आज राहवलं नाही, कारण ही जी मागून पास खेळत यायची फॅशन आहे तिचा मी जिवंत बळी आहे.

आमची टर्फवरची लीग आहे घोडबंदर रोडला, सात-सातची. दोन ग्रुप, वरच्या ग्रुपमधल्या खालच्या दोन टीम पुढच्या वेळी खालच्या ग्रुपमध्ये. प्रीमियर लीगपेक्षा कडक नियम आहेत, उशीर झाला तर वॉकओव्हर. मी गोलकीपर, वय ३८, गुडघा एक. आमचा कॅप्टन आयटीतला, त्याने यूट्यूबवर काय काय बघितलं आणि जानेवारीपासून फर्मान काढलं की गोलीने बॉल लांब मारायचा नाही, सगळं पायातून, शॉर्ट, मागून बांधत यायचं. मी म्हटलं बाबा रे माझा डावा पाय फक्त पँट घालायला आहे. म्हणाला ट्रस्ट द प्रोसेस.

एप्रिलपर्यंत खरं सांगतो मजा आली. चार-पाच वेळा असे गोल झाले की बाहेर उभी असलेली पुढच्या स्लॉटची मुलं पण ओरडली. आम्ही सहावे होतो आठपैकी, म्हणजे काठावर पण वर.

मग यंदा पाऊस मे मध्येच आला. शेवटून दुसरी मॅच, रविवार, सकाळी सातचा स्लॉट, रात्रभर कोसळलेला. टर्फचा उजवा कोपरा जरा खाली आहे, तिथे पाणी साचतं आणि ते काळे रबराचे दाणे सगळे तरंगत तिथे गोळा होतात. मी बॉल घेतला, उजव्या बॅकला पास दिला, मस्त दिला, आणि बॉल त्या डबक्यात जाऊन थांबला. म्हणजे थांबलाच. फच्च. आमचा बॅक पुढे पळत गेलेला, तो ब्रेक मारून मागे वळेपर्यंत त्यांचा जाड्या स्ट्रायकर, जो सगळ्या मॅचमध्ये धावलाच नव्हता, तो चालत आला आणि चालतच गोल मारून गेला. मी मध्ये बसकण मारलेली. कॅप्टनकडे बघितलं तर तो म्हणतो नो प्रॉब्लेम, परत तेच करा. परत तेच केलं. परत तेच डबकं.

३-० हरलो, तीनही तिथूनच. पुढची पण हरलो. सातवे. खाली. माझा तो बसलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर स्टिकर झालाय, गुड मॉर्निंगला वापरतात.

तर मोरभाऊ, माझं मत, डबकं दिसलं की लांब मारा. तत्त्व वगैरे कोरड्या मैदानावर.

सीवूड्सवाली
१५ जून, दुपारी ४:०५

स्टिकर टाका की इथे!! हसून हसून पोट दुखलं, ट्रेनमधली बाई बघतेय माझ्याकडे.

घोडबंदरचा_गोली
१५ जून, दुपारी ४:०९

ताई, तेवढी इज्जत राहू द्या.

काका_नौपाडा
१५ जून, संध्याकाळी ६:३०

मुलाने हा धागा दाखवला. मला ऑफसाइड अजून कळत नाही तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. मी कबड्डीवाला, डावा कोपरा, पंधरा वर्षं खेळलो. तुमचं भांडण वाचून एक वाटलं. कबड्डीत पकड केली की गुण मिळतो, आणि मैदानात तीनच जण उरलेले असताना पकड केली तर आता दोन मिळतात. म्हणजे बचाव करणाऱ्याला पण हिशोबात जागा आहे, लोक त्याच्या नावाने पण ओरडतात. तुमच्या फुटबॉलमध्ये बचाववाल्याने दहा गोल वाचवले तर बोर्डावर काय लिहितात? काहीच नाही. शून्यच राहतं. मग लोकांना तो खेळ कंटाळवाणा वाटणारच की. खेळ कंटाळवाणा नसतो, मोजणीच तशी आहे.

पांढरा_मोर
१५ जून, संध्याकाळी ६:५५

काका __/\__ हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

काका_नौपाडा
१५ जून, संध्याकाळी ७:०१

आणि तो गोलकीपर पाणी साचलं तिथे कशाला देत होता? आम्ही मॅटवर ओल आली तर तो कोपरा सोडून खेळायचो.

घोडबंदरचा_गोली
१५ जून, संध्याकाळी ७:०३

काका, कॅप्टनला विचारा :(

सीवूड्सवाली
१५ जून, रात्री ९:२०

आता मी पण लिहितेच. मी स्पर्सची, म्हणजे टॉटनहॅमची. हसा, हसून घ्या, मी थांबते.

झालं? तर. आमच्याएवढा मोठा प्रयोग या विषयावर कोणावरच झाला नसेल. कोच पोस्टेकोग्लूचा पहिला सीझन, काय ते फुटबॉल, दहा जण उरले तरी लाइन वरच. नऊच जण उरले होते चेल्सीविरुद्ध, तरी हाफवे लाइनवर उभे! हरलो ४-१ पण अख्ख्या स्टेडियमने टाळ्या वाजवल्या, मी सीवूड्सला एकटीने घरात वाजवल्या. आणि यंदा तेच फुटबॉल, तोच माणूस, २२ मॅच हरलो. बावीस. सतरावा नंबर, म्हणजे रेलिगेशनच्या (खालच्या वर्गात जाण्याच्या) बरोब्बर वरची पायरी. आता मजा ऐका, ६४ मारले, ६५ खाल्ले, म्हणजे गोलफरक फक्त उणे एक. असल्या गोलफरकावर टीम मध्यावर कुठेतरी असते, आम्ही सतराव्या. जिंकायचो तेव्हा चार-चार, हरायचो तेव्हा एका गोलाने. खालच्या तिघांचं एवढं वाईट होतं म्हणून वाचलो, लेस्टर अठराव्यांदा २५ गुणांवर, म्हणजे २६ गुणांवर टिकता येत होतं. दुसरं एखादं वर्ष असतं तर मी आज मोरभाऊंच्या जागी असते.

पण मुद्दा पुढेच आहे. बिल्बाओची युरोपा लीग फायनल. सतरा वर्षांनी कप. कसा जिंकला? पहिल्या हाफमध्ये एक ढकलाढकलीचा गोल आणि मग उरलेला सगळा वेळ मँचेस्टर युनायटेडकडे बॉल आणि आम्ही पेनल्टी बॉक्समध्ये पंगतीला बसल्यासारखे. व्हॅन डे व्हेनने गोल लाइनवरून हवेत पाय घालून काढला तो बॉल आठवा. म्हणजे दोन वर्षं ज्या माणसाने सांगितलं की मी दुसऱ्या पद्धतीने खेळणारच नाही, त्याने सगळ्यात मोठ्या रात्री पक्कं खडूस फुटबॉल खेळून कप आणला. आणि सोळा दिवसांनी त्याची नोकरी गेली.

मला अजून कळलेलं नाही की मी त्याच्यावर चिडू की त्याचा फोटो देवघरात ठेवू.

खडूस_ओपनर
१५ जून, रात्री ९:३३

अठराव्या, अठराव्यांदा नाही. बाकी संपूर्ण प्रतिसादाला +१. हेच म्हणतोय सकाळपासून.

उपवनचा_उपाशी
१५ जून, रात्री ९:५०

नाही खडूसराव, ताई तुमच्या बाजूने बोलत नाहीयेत. एक रात्र मागे बसणं वेगळं आणि ३८ आठवडे बसणं वेगळं.

पांढरा_मोर
१५ जून, रात्री ११:३०

आता माझी पाळी, मोठं होईल, चहा घेऊन बसा.

मी लीड्सला ऑनसाइट होतो ऑगस्ट २०१९ ते सप्टेंबर २०२०, म्हणून हे खूळ लागलं, नाहीतर कासारवडवलीच्या माणसाचा यॉर्कशरशी काय संबंध. कोच बिएल्साचं दुसरं वर्ष. ऑफिसमधल्या एकाने डिसेंबरमध्ये तिकीट दिलं, कार्डिफबरोबर. एलंड रोडला, लीड्सच्या घरच्या मैदानावर, माझी पहिली मॅच. थंडी अशी की मोजे दोन, तरी पाय नाहीत असं वाटत होतं. ३-० पुढे होतो आपण. मी मनात म्हटलं हेच ते, हाच क्लब. मग ३-१, ३-२, त्यांचा एक खेळाडू बाहेर गेला, दहा जण उरले, आणि दहा जणांनी ३-३ केलं. माझ्या शेजारी एक आजोबा होते, त्यांनी सँडविचची पिशवी घडी घालून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, वेलकम टू लीड्स. तेव्हा कळलं नाही, आता रोज कळतं.

त्या वर्षी वर आलो, दहा गुणांच्या फरकाने पहिले. लॉकडाऊन होता तरी रस्त्यावर लोक. पुढचं वर्ष नवव्या नंबरवर, ५९ गुण. सगळं जग म्हणत होतं काय सुंदर खेळतात. आणि त्या वर्षातला माझा सगळ्यात लाडका विजय कुठला माहितीये? एतिहादला मँचेस्टर सिटीविरुद्ध २-१. कूपरला हाफटाइमच्या आधीच लाल कार्ड, दहा जण, सिटीचे २९ शॉट. आपले दोन. दोन शॉट, दोन गोल, दोन्ही डॅलसचे, दुसरा एक्याण्णवाव्या मिनिटाला. अख्खा दुसरा हाफ ठाण्याची टीएमटी गोलसमोर आडवी लावलेली. म्हणजे बिएल्सासुद्धा वेळ आली की बस लावायचा. पण वेळ आली की. पुढच्या वर्षी खेळाडू जखमी, फिलिप्स नाही, कूपर नाही, आणि तरी तोच खेळ, माणसामागे माणूस पळतोय. फेब्रुवारीत एका महिन्यात २० गोल खाल्ले आणि त्याला काढलं. त्या वर्षी शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला वाचलो, वर उपाशींनी लिहिलंय तेच ते. आणि पुढच्या वर्षी पडलोच, घरच्या मैदानावर स्पर्सकडून ४-१ खाऊन, ताई माफ करा पण विसरलो नाहीये.

आता फार्केची भीती का वाटते ते सांगतो. तो चॅम्पियनशिपमध्ये राजा आहे. नॉर्विचला दोनदा वर आणलं. पण वर गेल्यावर २०१९-२० मध्ये सप्टेंबरमध्ये सिटीला ३-२ हरवलं, पेपरात फोटोबिटो, आणि शेवट २१ गुण, २६ गोल मारले, ७५ खाल्ले. दुसऱ्यांदा वर आणलं तर नोव्हेंबरमध्येच काढला, तेही एक मॅच जिंकल्या दिवशी. म्हणजे खाली जो खेळ ९५ गोल देतो तोच वर नेला की अंगावर येतो. कारण साधं आहे, खाली बॉल आपल्याकडे असतो, वर समोरच्याकडे असतो, आणि समोरचा विंगर आपल्या सेंटरबॅकपेक्षा वेगात पळतो. कोच कॉम्पनीच्या बर्नलीचं तेच झालं. खाली १०१ गुण, सगळे म्हणाले छोटी सिटी आहे, वर गेल्यावर २४ गुण. आणि साहेब तिथून थेट बायर्नला. त्याला बायर्न मिळालं, बर्नलीला चॅम्पियनशिप. देखणं खेळण्याचा फायदा कोचला होतो, बिल फॅन भरतात, हे मी रागाने लिहितोय, उद्या एडिट करेन कदाचित.

उपवनचा_उपाशी
१६ जून, सकाळी ८:१५

नका एडिट करू, छान आहे.

पण मग आत्ताच्या कोचची, पार्करची बर्नली टिकेल असं म्हणायचंय का? हाच पार्कर फुलहॅमला घेऊन खाली गेला, मग बॉर्नमथचा कोच असताना लिव्हरपूलकडून ९-० खाल्ले आणि नोकरी गेली. १६ गोल खाली खाल्ले म्हणजे वर पण कमी खातील असं कुठाय. बचाव पण वर गेला की स्वस्तच होतो. आणि ब्लॅकपूल विसरलात? २०१०-११, कोच हॉलोवे, ५५ गोल मारले वर आलेल्या टीमने. ३९ गुण घेऊन शेवटच्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डला ४-२ हरून गेले. आजही लोक नाव काढतात. त्याच सुमारास वर आलेल्या आणि मागे बसून सोळावे-सतरावे आलेल्या टीम आठवतायत का कोणाला? मी तर म्हणतो जायचंच असेल तर असं जावं.

टॉफी_वाशी
१६ जून, सकाळी ८:४०

असं बोलायला दुसऱ्याची टीम असावी लागते. तुझी कुठली रे?

उपवनचा_उपाशी
१६ जून, सकाळी ८:४४

बार्सिलोना.

टॉफी_वाशी
१६ जून, सकाळी ८:४५

...

खडूस_ओपनर
१६ जून, सकाळी ८:४६

धागा बंद करा.

सीवूड्सवाली
१६ जून, सकाळी ९:१०

मेले मी :D :D

कूपरेजचा_कावळा
१६ जून, दुपारी २:२५

सगळे इंग्लंडात फिरताय, जरा घरचं बघा. खडूस फुटबॉल आणि रेलिगेशन म्हटलं की मला एकच माणूस आठवतो, कोच खालिद जमील.

कोणाला मुंबई एफसी आठवते का? मुंबई सिटी नाही, मुंबई एफसी, पिवळ्या जर्सीवाली, आयलीगमधली. २०१४ ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) आली, डी. वाय. पाटीलला मुंबई सिटीकडून अनेल्का, युंगबर्ग, नेरुळ स्टेशनवरून लोकांचे लोंढे, पुण्याला ५-० हाणलं तेव्हा मी पण होतो, मोरित्झची हॅटट्रिक. पण तिथे खाली जायची भीतीच नाही, रेलिगेशनच नव्हतं. शेवटचे आलात तरी पुढच्या वर्षी परत फटाके. मजा असते पण छातीत धडधड होत नाही. धडधड कूपरेजला, मुंबई एफसीच्या मैदानावर व्हायची. पैसे कमी, परदेशी खेळाडू साधे, आणि जमील दरवर्षी टीम वाचवायचा. २००९ पासून २०१६ पर्यंत सात वर्षं, एकदाही खाली जाऊ दिली नाही. खेळ कसा? लांब बॉल, मागे गर्दी, थ्रोइन आणि कॉर्नरवर जीव. आम्ही पाठीमागे बसून शिव्या घालायचो, अरे दोन पास तर खेळा. मी स्वतः घातल्यात, खोटं कशाला बोलू.

२०१६ ला तो गेला. नवीन माणूस आला, आता बरं फुटबॉल बघायला मिळेल असं आम्ही आपसात बोललो. त्याच सीझनला मुंबई एफसी शेवटची आली, दहापैकी दहावी, खाली गेली, आणि नुसती खाली नाही गेली, क्लबच बंद झाला. आणि जमील कुठे होता? आयझॉलला. आयझॉल स्वतः आदल्या वर्षी खाली गेलेली, मग परत घेतलेली टीम. तिला घेऊन तो त्याच सीझनला आयलीग जिंकला. मोहन बागान, ईस्ट बंगाल, बेंगळुरू, सगळ्यांना मागे टाकून.

आता सांगा याचा अर्थ काय लावायचा. मला तरी लागलेला नाही. फक्त एवढं खरं की कूपरेजवर त्या पिवळ्या जर्सीला शिव्या घालायला आता जर्सीच नाही.

खडूस_ओपनर
१६ जून, दुपारी २:५०

हे माहीत नव्हतं. भारी प्रतिसाद. आणि अर्थ सरळ आहे, माणूस तोच, टीम बदलली, त्याला नुसता बचाव नव्हता येत तर हातात काय आहे ते ओळखता यायचं.

कूपरेजचा_कावळा
१६ जून, दुपारी ३:०४

असेल. आयझॉललाही काही नाचत नव्हते, पण पोरं पळायची कसली!

घोडबंदरचा_गोली
१६ जून, दुपारी ३:३०

अवांतर, आमच्या कॅप्टनने राजीनामा दिला. नवीन कॅप्टन मी. पहिलं फर्मान, गोली लांब मारेल.

काका_नौपाडा
१६ जून, दुपारी ४:१२

शाब्बास. पण सारखं लांब मारू नकोस, समोरच्याला सवय होते. चढाईत पण एकच हात दाखवला की पाय पकडतात.

उपवनचा_उपाशी
१६ जून, संध्याकाळी ५:४०

बार्सावाला असलो तरी बोलायचा हक्क आहे. गेल्या वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्ट ३२ गुणांवर कसेबसे टिकले, चार गुण कापले होते म्हणून. यंदा सातवे, ६५ गुण. आणि बॉल त्यांच्याकडे कधी असतो? क्वचित. कोच नुनोने मागे दाट भिंत बांधली आणि बॉल मिळाला की तीन पासात पुढे, क्रिस वूडचे २० गोल. आता हा बचाव की आक्रमण? मला बघायला आवडलं बुवा. खडूसराव तुम्हालाही आवडलं. मग आपण भांडतोय कशावर?

खडूस_ओपनर
१६ जून, संध्याकाळी ५:५२

तू बार्सिलोना म्हणालास त्यावर.

पांढरा_मोर
१८ जून, दुपारी १:४१

मीटिंगमध्ये आहे, कॅमेरा बंद. फिक्स्चर आले!!!

आपली पहिली मॅच घरी, एव्हर्टन. सोमवार १८ ऑगस्ट, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्री साडेबारा, मंगळवार उजाडलेला. टॉफीभाऊ, तुम्हीच!

बर्नली १६ ला स्पर्सकडे, ताई तुम्ही. सुंदरलँड त्याच दिवशी वेस्ट हॅमबरोबर.

सीवूड्सवाली
१८ जून, दुपारी १:५५

१६ ऑगस्टला दहीहंडी आहे. साडेसात वाजता मॅच आणि तेव्हा मी माहेरी ठाण्यात असणार, बाहेर डीजे, आत मी. सोळा गोल खाल्लेल्या टीमविरुद्ध, आमचा नवीन कोच. बघू खालचा थर टिकतो का.

टॉफी_वाशी
१८ जून, दुपारी २:१०

मोरभाऊ, कोच मॉइज आहे आमच्याकडे परत, तो पहिल्याच मॅचला तुमच्या मैदानावर येऊन पळापळ करणार नाही. ०-० लिहून ठेवा.

पांढरा_मोर
१८ जून, दुपारी २:१४

०-० चालेल का मला? दोन दिवसांपूर्वी विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. आत्ता ती यादी बघितली, एव्हर्टननंतर लगेच आर्सेनलकडे जायचंय. एक गुण द्या हो, घेतो.

खडूस_ओपनर
१८ जून, दुपारी २:१६

आला बाबा लायनीवर.

पांढरा_मोर
१८ जून, दुपारी २:२०

पण निदान पहिली दहा मिनिटं तरी एलंड रोडसारखं खेळा रे. ते आजोबा असतील तर त्यांच्यासाठी.

टॉफी_वाशी
१८ जून, दुपारी २:३१

एकत्र बघूया का? वाशीहून रात्रीची ट्रान्सहार्बर पकडून ठाण्यात येतो, पण मॅच संपेपर्यंत परतीची गाडी नाही. राहायची सोय आहे का?

पांढरा_मोर
१८ जून, दुपारी २:३३

गादी आहे. गोल झाला तर उडी मारायची नाही एवढीच अट, खालच्या काकू.

घोडबंदरचा_गोली
१८ जून, दुपारी २:४०

मी पाच मिनिटांवर राहतो. वडापाव आणतो. मंगळवारी सुट्टी टाकली पण.

काका_नौपाडा
१८ जून, संध्याकाळी ६:०५

मला पण बोलवा. ऑफसाइड समजावून द्या कोणीतरी.